पॉवर्ड सबवूफर रिसीव्हरला कसा जोडावा : केबलपासून क्रॉसओव्हरपर्यंत

होम थिएटर रिसीव्हरला, म्हणजे सर्व स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राला, सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर) जोडण्याचे काम दिसायला अगदी सोपे आहे. एक केबल दोन टोकांना खोचली की झाले, असेच वाटते. तरीही कित्येक घरांत चांगल्या प्रतीचा सबवूफर कोपऱ्यात नुसता घुमत असतो, नाही तर तो चालू आहे की बंद हेच समजत नाही. दोष बहुतेक वेळा केबलचा नसतो. बेस वेगळा काढण्याची आणि त्याची पातळी कमी-जास्त करण्याची सोय रिसीव्हरमध्येही असते आणि सबवूफरवरही असते, आणि दोघांनी एकाच वेळी ते काम हाती घेतले की घोळ सुरू होतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत एकच सूत्र पाळावे : कोणता स्वर कोणत्या स्पीकरने वाजवायचा हे रिसीव्हरने ठरवावे, आणि सबवूफरने आपल्याकडे आलेला सिग्नल जसाच्या तसा वाजवावा.

जोडणीपूर्वी दोन गोष्टी तपासा

पॉवर्ड सबवूफर म्हणजे ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला आहे असा सबवूफर. त्याला विजेची स्वतंत्र वायर असते आणि मागच्या बाजूला धातूच्या पट्टीवर नॉब आणि खटके असतात. शंकू, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, हलवण्याची ताकद त्याची स्वतःची असल्यामुळे रिसीव्हरकडून त्याला फक्त लाइन-लेव्हलचा क्षीण सिग्नल लागतो. आपल्या सबवूफरला विजेची वायरच नसेल आणि मागे स्पीकरची वायर अडकवण्यासाठी केवळ दोन टर्मिनल असतील, तर तो पॅसिव्ह सबवूफर आहे. तयार संचाबरोबर येणारे काही सबवूफर असे असतात. रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून निघणाऱ्या सिग्नलवर ते वाजू शकत नाहीत. त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि हा लेख त्यांच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. अमेरिकेतून सामानाबरोबर सबवूफर घेऊन येणारी मंडळी बरीच आहेत, आणि तिथली कित्येक मॉडेल फक्त १२० व्होल्टवर चालणारी असतात. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. नुसता पिनचा अडॅप्टर लावून असा सबवूफर चालू केला, तर फ्यूज उडून निभावले तर नशीब, नाही तर आतला पॉवर सप्लायच जळतो. मागच्या लेबलवर काय छापले आहे ते वाचावे. काही सबवूफरवर ११५ आणि २३० असा सरकता खटका असतो, तो योग्य बाजूला आहे ना हे प्लग लावण्याआधी पाहावे. असा खटका नसेल आणि लेबलवर केवळ १२० व्होल्ट लिहिले असेल, तर सबवूफरच्या वॅटपेक्षा पुरेशा जास्त क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

आधी जागा, मग केबल

केबलची लांबी जागेवर अवलंबून असते, त्यामुळे जागा आधी ठरवावी. येथे घाई करू नये, कारण सबवूफर कसा ऐकू येईल हे त्याच्या किमतीपेक्षा खोलीवर अधिक ठरते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे ४० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी साडेआठ मीटरहून जास्त भरते. आपल्या फ्लॅटमधले हॉल याहून लहान असतात, म्हणून या लहरी समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि काही ठिकाणी एकमेकींना वाढवतात, काही ठिकाणी मारतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये १२ फूट अंतर असेल तर साधारण ४७ हर्ट्झला, आणि १० फूट असेल तर साधारण ५६ हर्ट्झला हा परिणाम पहिल्यांदा ठळक होतो. त्या स्वराला भिंतीलगत आवाज फुगतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर तो जवळपास नाहीसा होतो. सोफा खोलीच्या ऐन मध्यभागी असेल आणि बेस अजिबात जाणवत नसेल, तर सबवूफरला दोष देण्यापूर्वी सोफा दीड-दोन फूट मागे किंवा पुढे सरकवून पाहावा.

जागा शोधण्याची एक जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी, म्हणजे सोफ्यावर किंवा सोफ्याच्या अगदी पुढ्यात ठेवावा, भरपूर बेस असलेला संगीताचा एक तुकडा पुन्हापुन्हा वाजत ठेवावा, आणि आपण गुडघ्यांवर बसून, कान सबवूफरच्या उंचीवर आणून, जिथे जिथे तो ठेवणे शक्य आहे त्या प्रत्येक जागी थांबून ऐकावे. ज्या जागी बेस भरीव पण स्वच्छ ऐकू येतो, एखादाच स्वर घुमत नाही आणि एखादा गायबही होत नाही, ती जागा सबवूफरची. घरातल्यांना हा प्रकार विचित्र वाटला तरी तो करावाच, कारण तेवढ्या वेळात जो फरक पडतो तो नंतर कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो खरा, पण तिथे एकच स्वर घुमण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. हवेचे भोक मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून निदान वीतभर अंतर सोडावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खालच्या मजल्याचाही विचार करायला हवा. बेसची कंपने स्लॅबमधून सहज उतरतात, आणि जो आवाज आपल्याला मध्यम वाटतो तो खालच्या घरात भांडी वाजवू शकतो. सबवूफरखाली जाड रबराचा किंवा फोमचा थर द्यावा. कायद्याच्या दृष्टीने ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ धरला जातो, पण शेजारधर्म त्याच्याही आधी येतो.

केबल आणि सॉकेट

केबल लावण्यापूर्वी रिसीव्हर आणि सबवूफर दोन्ही बंद करून त्यांचे प्लग बोर्डातून काढावेत. यामागे कारण आहे. सबवूफरच्या केबलला आरसीए नावाचा गोल प्लग असतो, त्याची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी सॉकेटला टेकते. त्या क्षणभरात ग्राउंड जोडलेला नसतो आणि सबवूफर चालू असेल तर अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठा धक्का निघतो. असा धक्का शंकूला इजा करू शकतो.

रिसीव्हरच्या मागे ‘सबवूफर’, ‘सबवूफर प्री आउट’ किंवा ‘प्री आउट’ या गटाखाली ‘एसडब्ल्यू’ असे लिहिलेले आरसीए सॉकेट शोधावे. जवळच सीडी आणि टीव्हीसाठी लाल-पांढऱ्या सॉकेटच्या ओळी असतात, त्या इनपुटच्या आहेत. त्यांत खोचलेल्या केबलमधून काहीही बाहेर येणार नाही. काही रिसीव्हरवर सबवूफर १ आणि २ अशी दोन सॉकेट असतात. अनेक मॉडेलमध्ये दोन्हींतून एकच सिग्नल येतो, त्यामुळे एक सबवूफर असताना १ क्रमांकाचे सॉकेट वापरावे.

सबवूफरच्या बाजूला ‘एलएफई’ लिहिलेले इनपुट असेल तर केबलचे दुसरे टोक तिथेच लावावे. एलएफई म्हणजे चित्रपटाच्या ध्वनिपट्ट्यातला फक्त खर्जाच्या परिणामांसाठी राखून ठेवलेला चॅनल, ५.१ मधला ‘.१’ तो हाच. या इनपुटमधून आलेला सिग्नल बहुतेक सबवूफरमध्ये आतल्या क्रॉसओव्हरला (ठरावीक आकड्यावर स्वर विभागणाऱ्या चाळणीला) वळसा घालून थेट अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. एलएफई नसेल तर ‘लाइन इन’च्या जोडीतल्या ज्या सॉकेटवर ‘मोनो’ लिहिले आहे ते वापरावे. तसे काही लिहिलेले नसेल तर डावे घ्यावे. एका टोकाची दोन टोके करणारी वाय-केबल सहसा लागत नाही. काही सबवूफरमध्ये तिच्यामुळे सिग्नलची पातळी थोडी वाढते एवढाच तिचा उपयोग. सबवूफरवर ‘लाइन आउट’ही असू शकते, त्यात केबल जाणार नाही याकडे लक्ष द्यावे, अंधाऱ्या कोपऱ्यात हाताने चाचपून लावताना ही चूक हमखास होते. स्पीकरच्या वायरीसाठी असलेली हाय-लेव्हल टर्मिनल रिकामीच ठेवावीत. ज्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफर आउटच नाही, त्यांच्यासाठी ती आहेत.

केबलवर फार पैसे घालवण्याचे कारण नाही. एकेरी, चांगले शील्डिंग असलेली आरसीए केबल पुरते, आणि जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर येणारी पिवळ्या टोकांची ७५ ओमची व्हिडिओ केबलही उत्तम चालते. पाच-सात मीटर लांबीने बेसमध्ये ऐकू येण्याजोगी घट होत नाही. मात्र बारीक, स्वस्त लाल-पांढरी ऑडिओ वायर लांबवर नेली तर ती वाटेतला विजेचा घूं घूं आवाज उचलते. भिंतीतून केबल न्यायची असेल तर विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नये. जमिनीवरून नेताना विजेची वायर ओलांडावीच लागली तर ती काटकोनात ओलांडावी.

सबवूफरवरचे नॉब

सबवूफरमागचे चार नियंत्रक एकदा नीट लावले की पुन्हा त्यांना हात लावायची गरज पडत नाही. ‘क्रॉसओव्हर’ किंवा ‘लो पास’ लिहिलेला नॉब पूर्ण वर, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यावर न्यावा. एलएफईसाठी वेगळा खटका असेल तर तो त्या बाजूला करावा. नवख्यांची सर्वांत मोठी गफलत येथेच होते : रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झ निवडले म्हणून सबवूफरवरही ८० ठेवले जाते. तसे केल्याने एकच सिग्नल दोन चाळण्यांतून जातो, सीमेजवळचे स्वर दुप्पट वेगाने उतरतात आणि स्पीकर आणि सबवूफर यांच्यामध्ये पोकळी पडते. मग डग्ग्याची थाप कोरडी वाटू लागते, आणि ती भरून काढण्यासाठी माणूस आवाज वाढवत बसतो.

‘गेन’ किंवा ‘व्हॉल्यूम’चा नॉब आधी मध्यावर, किंवा त्याहून थोडा खाली ठेवावा, नेमकी जागा मोजणीच्या वेळी ठरेल. ‘फेज’, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांच्या लहरींचा ताळमेळ, शून्यावर ठेवावी. विजेचा खटका ‘ऑटो’वर न ठेवता ‘ऑन’वर ठेवावा, म्हणजे मोजणी चालू असताना सबवूफर झोपी जाणार नाही. आता दोन्ही प्लग बोर्डात लावावेत, शक्यतो एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, आधी रिसीव्हर चालू करावा आणि मग सबवूफर.

मोजणी

हल्लीच्या बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. डेनॉन आणि मरँट्झच्या पुष्कळ मॉडेलमधल्या पद्धतीचे नाव ऑडिसी, यामाहाचे वायपाओ, पायोनियरचे एमकॅक. नावे वेगळी असली तरी काम सारखेच : प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज काढायचा आणि त्याचे अंतर, पातळी व खोलीचा परिणाम मोजायचा.

मायक्रोफोन बसल्यावर कान ज्या उंचीवर येतात तिथे, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर ठेवावा. सोफ्याच्या पाठीवर किंवा हातात धरून नाही. पंखा, एसी, मिक्सर बंद करावेत. छताचा पंखा विशेषतः फसवतो, कारण त्याची घरघर नेमकी खालच्या स्वरांत असते आणि आपल्या कानाला तिची इतकी सवय झालेली असते की ती ऐकूच येत नाही. ऑडिसीमध्ये मॉडेलनुसार सहा किंवा आठ जागी मोजणी होते. पहिली जागा मुख्य आसनाची असावी आणि बाकीच्या तिच्या आजूबाजूला दोन-एक फुटांत असाव्यात, खोलीभर पसरलेल्या नकोत.

काही डेनॉन आणि मरँट्झ रिसीव्हर सुरुवातीलाच सबवूफरची पातळी पडद्यावर दाखवतात. तो आकडा ७५ डेसिबलच्या जवळ येईपर्यंत सबवूफरचा गेन हळूहळू फिरवावा. ७२ ते ७८ मध्ये आला की पुरे. ज्या रिसीव्हरमध्ये हे दिसत नाही तिथे मोजणी संपल्यावर सबवूफरचा ट्रिम, म्हणजे रिसीव्हरने त्याच्यासाठी ठरवलेली पातळी, पाहावा. तो उणे १२ डेसिबलसारख्या टोकाला गेला असेल तर सबवूफरवरचा गेन फार जास्त होता, तो कमी करून पुन्हा मोजावे; अधिकच्या टोकाला गेला असेल तर गेन वाढवावा. शून्याच्या आसपास किंवा थोडा उणे ट्रिम चांगला.

निकालात सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा बरेच जास्त दिसते, आणि इथे अनेकजण ते ‘दुरुस्त’ करतात. तसे करू नये. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये सिग्नलला थोडा उशीर होतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या रूपात धरतो. एक फूट म्हणजे सुमारे ०.९ मिलिसेकंद. तो आकडा बदलला तर सबवूफर आणि स्पीकर यांची वेळ जुळत नाही.

मोजणीनंतर रिसीव्हरमध्ये काय बदलावे

अंतर तसेच ठेवायचे असले तरी काही सेटिंग स्वतः पाहणे आवश्यक आहे, कारण मोजणीने केलेली निवड दरवेळी आपल्या हिताची नसते.

पहिले म्हणजे स्पीकरचा आकार. पुढचे उंच स्पीकर खोलीत बऱ्यापैकी खाली उतरले तर रिसीव्हर त्यांना ‘लार्ज’ ठरवतो. ‘लार्ज’चा अर्थ एवढाच की त्या स्पीकरचा बेस सबवूफरकडे वळवला जाणार नाही. सबवूफर घरात असताना जवळपास सर्वच स्पीकर ‘स्मॉल’ करावेत आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. हा आकडा टीएचएक्स या ध्वनीचा दर्जा प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीमुळे रूढ झाला आणि त्यामागे कानाचा गुण आहे : याच्या खालचे स्वर कुठून येत आहेत हे आपल्याला ओळखता येत नाही, याच्या बरेच वर गेले की येते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे क्रॉसओव्हर १५० वर नेला तर संवादाचा काही भाग कोपऱ्यातल्या पेटीतून येऊ लागतो. भिंतीवर लावलेले अगदी छोटे स्पीकर असतील तर १०० किंवा १२० ठेवावे लागते. रिसीव्हरने स्वतः निवडलेल्या आकड्याच्या वर जाण्यास हरकत नाही, पण खाली जाऊ नये. त्या स्पीकरकडून तितका बेस निघत नाही हे त्याने मोजलेले असते.

दुसरे, ‘सबवूफर मोड’ ‘एलएफई’वर ठेवावा. ‘एलएफई अधिक मेन’ निवडला तर तोच बेस स्पीकर आणि सबवूफर दोघेही वाजवतात आणि आवाज चिखलासारखा होतो. यामाहाच्या रिसीव्हरमध्ये ‘एक्स्ट्रा बेस’ नावाचे सेटिंग असेल तर तेही बंद ठेवावे. ‘एलपीएफ फॉर एलएफई’ १२० हर्ट्झवर ठेवावे, कारण एलएफई चॅनलमधला आवाज तिथपर्यंत जातो; तो ८० वर कापला तर मुद्रित केलेल्या आवाजातला भाग हरवतो, आणि हा भाग इतर कोणताही स्पीकर वाजवत नाही.

ऐकून पाहणे

रिसीव्हरच्या मेन्यूमधून चाचणीचा आवाज सबवूफरवर वाजवावा. तो ऐकू आला म्हणजे केबल, सॉकेट आणि गेन ठीक आहेत. त्यानंतर तबल्याची साथ असलेले एखादे ओळखीचे ध्वनिमुद्रण लावावे. डग्ग्याचा मूळ स्वर साधारण क्रॉसओव्हरच्या पट्ट्यातच येतो, त्यामुळे जुळणी तपासायला यासारखी कसोटी नाही. मनगटाने दाबून काढलेली मींड अखंड, एकाच जागेवरून, समोरून येत आहे असे वाटले पाहिजे. ती मध्येच कोपऱ्यात उडी मारत असेल तर क्रॉसओव्हर किंवा सबवूफरचा ट्रिम जास्त आहे. मध्येच पातळ होत असेल तर फेज तपासावी. आपण आसनावर बसावे, दुसऱ्या कोणाला तरी फेजचा खटका शून्यावरून १८० वर आणि परत करायला सांगावे, आणि ज्या स्थितीत ही थाप भरीव वाटते ती ठेवावी.

चित्रपट लावला आणि सबवूफर गप्प राहिला तर सिग्नल कसा येतो आहे ते पाहावे. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेले असेल तर एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे आणणाऱ्या सोयीतून) बहुतेक वेळा केवळ स्टीरिओ येते आणि एलएफई चॅनल पोहोचतच नाही. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करावे. स्पीकर ‘स्मॉल’ असतील तर स्टीरिओवरही सबवूफर वाजतोच. तरी वाजत नसेल तर रिसीव्हर ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ मोडमध्ये नाही ना हे बघावे, कारण काही रिसीव्हरमध्ये त्या मोडमध्ये बेस वळवण्याचे काम बंद होते.

सर्व नीट झाल्यावर विजेचा खटका हवा तर ‘ऑटो’वर न्यावा. रात्री हळू आवाजात सबवूफर जागाच होत नसेल, तर त्याच्याकडे जाणारा सिग्नल फार क्षीण आहे : सबवूफरवरचा गेन थोडा उतरवावा आणि रिसीव्हरमधला ट्रिम तेवढाच वाढवावा. ऐकू येणारी पातळी तीच राहते आणि केबलमधला सिग्नल वाढतो.

घूं घूं आवाज येत असेल तर

हा त्रास आपल्याकडे फार आढळतो, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तो नेमका सबवूफरच्या अखत्यारीतल्या स्वरात येतो. शोध क्रमाने घ्यावा. सबवूफर बंद करून त्यातून आरसीए केबल काढावी आणि तो पुन्हा चालू करावा. आवाज तरीही येत असेल तर दोष सबवूफरमध्ये किंवा विजेच्या जोडणीत आहे. थांबला तर तो केबलमधून येत होता. अशा वेळी केबल परत लावून सेट-टॉप बॉक्समधून डिशची किंवा केबल टीव्हीची जाड वायर काढून बघावी. बहुधा अपराधी तीच असते, कारण ती इमारतीच्या दुसऱ्याच ठिकाणच्या ग्राउंडला जोडलेली असते आणि दोन ग्राउंडमधला फरक सबवूफरपर्यंत येऊन पोहोचतो. त्या वायरमध्ये दोन ग्राउंडमधला दुवा तोडणारा आयसोलेटर बसवला की आवाज जातो. तसे नसेल तर दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आहेत का, केबलचे शील्ड तुटले नाही ना, हे पाहावे आणि शेवटचा उपाय म्हणून आरसीए केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडण्याचा सल्ला काहीजण देतात. तो कधीही मानू नये. आत काही बिघाड झाला तर धातूच्या पट्टीत उतरलेली वीज त्याच पिनमधून जमिनीत जाते. पिन नसेल तर ती हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते.

पहिले काही दिवस बेस थोडा कमी वाटण्याची शक्यता आहे, विशेषतः आधी घुमणाऱ्या आवाजाची सवय असेल तर. बदल करायचा झाल्यास तो रिसीव्हरच्या ट्रिममध्ये एका वेळी एक-दोन डेसिबलने करावा, सबवूफरच्या नॉबला हात लावू नये, आणि गेनची खूण कागदी टेपच्या तुकड्यावर करून तो नॉबशेजारी चिकटवावा, कारण मागची धूळ पुसताना नॉब फिरतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. सोफा हलवला, जाड पडदे लावले किंवा सबवूफर दुसऱ्या भिंतीला नेला, तर मायक्रोफोन काढून मोजणी पुन्हा करावी.